जुन्या होम मूव्हीची रिळं नीट चालत नाहीत? आधी रीळ तपासा, मग प्रोजेक्टर

घरातली जुनी ८ एमएम, सुपर ८ नाहीतर १६ एमएमची रिळं कपाटातून बाहेर निघतात, कोणीतरी कुठूनतरी प्रोजेक्टर पैदा करतं, सगळे अंधारात बसतात आणि मग मला मेसेज येतो की "चालत नाहीये, बहुतेक प्रोजेक्टर खराब आहे". बऱ्याचदा प्रोजेक्टरचा काही दोष नसतो. त्याच त्याच तक्रारी आणि त्याच त्याच दुरुस्त्या, म्हणून आता एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नक्की काय होतंय ते आधी ठरवा, नुसतं "नीट दिसत नाही" म्हणून काही कळत नाही.

- चित्र पडद्यावर थांबतच नाही, सतत सरकत राहतं.
- दोन अर्धी-अर्धी चित्रं दिसतात, मध्ये काळी पट्टी.
- चित्र उभं फासल्यासारखं दिसतं, उड्या मारतं आणि मशीनमधून कडकड आवाज येतो.
- फिल्म तुटते, किंवा अडकून जागच्या जागी जळते.
- मोटरचा आवाज येतो पण फिल्म हलत नाही, किंवा हलते पण मागचं रीळ गुंडाळत नाही आणि सगळी फिल्म जमिनीवर.
- माणसं पळत सुटल्यासारखी दिसतात, किंवा डोक्यावर उभी राहून उलटी चालतात.
- उभ्या रेघा, केस, कचरा.
- आवाजाची फिल्म आहे पण आवाज नाही, किंवा ओठ आधी आणि शब्द नंतर.
- डबा उघडला की आंबट वास.

सुरुवात करण्याआधी एक काम

एखादं टाकाऊ रीळ मिळवा, त्याच साइझचं. जुन्या कार्टूनचं, कोणाच्या तरी नको असलेल्या फुटेजचं, काहीही चालेल, फक्त ते फाटलं तर कोणी रडायला नको. प्रत्येक टेस्ट त्यावर करायची. आईवडिलांच्या लग्नाचं रीळ सगळ्यात शेवटी. घरच्या बहुतेक फिल्म रिव्हर्सल असतात, म्हणजे कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच धुवून परत आलेली, तिची निगेटिव्ह कुठे ठेवलेली नसते. ती फाटली की संपलं.

दुसरा फायदा असा की टाकाऊ रीळ व्यवस्थित चाललं आणि तुमचं नाही, तर दोष फिल्ममध्ये आहे. दोन्ही सारखंच नाटक करत असतील तर दोष मशीनमध्ये. एवढं कळलं की पुढचं निम्मं वाचायची गरज उरत नाही.

नाक आणि डोळे, खर्च शून्य

डबा उघडा आणि वास घ्या, पण डब्यात नाक खुपसून नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेट बेस (ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर चित्राचा थर असतो ती) सडायला लागलाय, याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. यातून जे अ‍ॅसिड निघतं तेच पुढची सड अजून वेगाने करतं, त्यामुळे "वीस वर्षं तशीच आहे, अजून चार वर्षं काय होतंय" हे गणित इथे चालत नाही. असं रीळ लगेच बाकीच्या रिळांपासून लांब ठेवा, वाफेने त्यांनाही धोका असतो. हलका वास असेल आणि फिल्म सपाट, लवचिक असेल तर लगेच स्कॅन करून घ्यायच्या यादीत वर टाका. फिल्म वाकडी झाली असेल, रिळाच्या बाजूने बघितल्यावर सायकलच्या आऱ्यांसारखे उंचवटे दिसत असतील, पांढरी पावडर असेल किंवा वेढे एकमेकांना चिकटले असतील तर इथेच थांबा. सोडवायचा प्रयत्नही करू नका, इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, सोलून हातात येतं.

पांढरे, राखाडी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. पाणी अजिबात लावायचं नाही, कारण बुरशीने इमल्शनमधलं जिलेटिन खाल्लेलं असतं आणि ते पाण्यात विरघळून चित्रासकट निघून जातं. मास्क लावा, रीळ कोरड्या हवेशीर जागी ठेवा आणि लॅबला दाखवा.

आणि रीळ ३५ एमएमचं असेल, १९५० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं, तर ते नायट्रेट बेसचं असू शकतं. ते भयंकर ज्वालाग्राही असतं, पेटलं तर पाण्याने विझत नाही. प्रोजेक्टर दूरच, दिव्याजवळही नेऊ नका, फिल्म आर्काइव्हशी बोला. ८ आणि १६ एमएमवाल्यांनी घाबरायचं कारण नाही, ही घरगुती साइझ सेफ्टी फिल्मवरच, म्हणजे सहज न पेटणाऱ्या बेसवरच, बनायची.

रीळ नक्की कुठल्या जातीचं आहे

चित्र सतत सरकतंय अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो. रेग्युलर ८ आलं १९३२ मध्ये आणि सुपर ८ आलं १९६५ मध्ये, दोन्हीची रुंदी ८ एमएमच, त्यामुळे लोकांना वाटतं एकच आहे. एकच नाही. रेग्युलर ८ मध्ये दोन भोकांमधलं अंतर ३.८१ एमएम आणि सुपर ८ मध्ये ४.२३ एमएम, आणि प्रोजेक्टरमधला क्लॉ, म्हणजे ती छोटी नखी, दर फ्रेमला ठरलेल्या अंतराएवढंच खेचते. चुकीच्या फिल्मवर प्रत्येक फ्रेमला जरा जरा फरक पडत जातो, चित्र सरकत राहतं आणि नखी भोकाच्या ऐवजी भोकाच्या कडेवर आपटून ती फाडत जाते. म्हणून "चालवून बघू, बसेल हळूहळू" असं करू नका.

ओळखायचं कसं? फिल्म उजेडात धरा. भोकं मोठी आणि दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर असतील तर रेग्युलर ८, भोकं बारीक आणि चित्राच्या बरोबर मध्यावर असतील तर सुपर ८. रिळाच्या मधलं भोक लहान म्हणजे रेग्युलर आणि मोठं म्हणजे सुपर असंही सांगतात आणि ते बरोबर आहे, पण लोकांनी मधल्या काळात कुठली फिल्म कुठल्या रिळावर गुंडाळून ठेवलीये त्याचा नेम नसतो, त्यामुळे मी फक्त फिल्मच्या भोकांवर विश्वास ठेवतो. डब्यावरच्या लेबलवर तर त्याहून कमी.

फुजीची सिंगल ८ असेल तर ती सुपर ८ च्या प्रोजेक्टरवर चालते. चित्रांच्या मधोमध एकच भोक असेल तर ते ९.५ एमएम, त्याला वेगळा प्रोजेक्टर लागतो. आणि क्वचित एखादं रीळ असं निघतं जे १६ एमएम रुंद असतं पण दोन्ही बाजूंनी भोकं नेहमीच्या दुप्पट असतात, ते न चिरलेलं डबल ८. रेग्युलर ८ कॅमेऱ्यात १६ एमएमची पट्टी आधी एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने शूट व्हायची आणि धुतल्यावर लॅबवाले मधून चिरायचे. तुमचं चिरायचं राहिलंय. कात्री घेऊ नका, लॅबला द्या.

खटके आणि बटणं

दोन्ही साइझ चालवणाऱ्या प्रोजेक्टरवर आर आणि एस असा खटका असतो, काहींमध्ये गेटची (दिव्यासमोर फिल्म जिथून जाते त्या खिडकीची) पट्टी किंवा स्प्रॉकेट (फिल्म पुढे नेणारं दातेरी चाक) बदलावं लागतं. ते बरोबर आहे ना बघा. अर्धी-अर्धी चित्रं दिसत असतील तर फ्रेमिंगची चावी हळू फिरवा, लेन्सजवळ असते, बस, तेवढंच.

माणसं पळतायत म्हणजे स्पीड चुकलाय. मूक रेग्युलर ८ साधारण सेकंदाला १६ फ्रेम, सुपर ८ मूक असेल तर १८, आवाजाची बऱ्याचदा १८ नाहीतर २४. खात्री करायची असेल तर घड्याळ लावा, सुपर ८ चं पूर्ण ५० फुटी रीळ १८ ला ३ मिनिटं २० सेकंद चालायला हवं, रेग्युलर ८ चं १६ ला ४ मिनिटांच्या थोडं वर. खटका बरोबर असून स्पीड चुकत असेल तर मशीनच्या मागची पट्टी वाचा, व्होल्टेज किती आणि हर्ट्झ किती. ११० व्होल्टचं मशीन २२० ला लावलं तर बल्बची आणि मोटरची वाट लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण बऱ्याच जुन्या मशीनमध्ये मोटरचा स्पीड मेनच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, फ्रिक्वेन्सीवर ठरतो हे कोणी बघत नाही. ६० हर्ट्झसाठी लावलेली पुली ५० वर चालवली की सगळं संथ, उलट केलं की घाई. त्यासाठी बेल्ट पुलीच्या दुसऱ्या खाचेत टाकायची सोय बऱ्याचदा दिलेली असते.

चित्र उलटं आणि मागे मागे चालतंय? रीळ शेवटाकडून गुंडाळलेलं आहे. रिवाइंड करा. हा बिघाड नाही.

फोनने पडद्याचा व्हिडिओ काढताना लुकलुकतंय पण डोळ्यांना नीट दिसतंय, हाही बिघाड नाही. प्रोजेक्टरचं शटर (उजेड अडवणारी फिरती पाती) आणि फोनचा कॅमेरा एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच.

हाताने पूर्ण रीळ तपासणं

हे कंटाळवाणं आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात. सुती हातमोजे, चांगला उजेड, दोन रिवाइंड आर्म (रीळ हाताने फिरवायच्या दांड्या) असतील तर उत्तम नाहीतर प्रोजेक्टर बंद ठेवून हाताने. फिल्मच्या दोन्ही कडा बोटांत हलक्या धरून पूर्ण रीळ हळू सरकवा. फाटलेलं भोक बोटाला लगेच टोचतं.

जास्त लक्ष जोडांवर द्या. नेहमी त्याच जागी तुटतं किंवा त्याच जागी उडी मारतं म्हणजे तिथे जोड आहे. जुने सिमेंटचे (फिल्म जोडायच्या खास गोंदाचे) जोड वाळून कडक होतात आणि जरा वाकवलं की टक्कन सुटतात. टेपचे असतील तर टेपचा गोंद बाहेर येऊन शेजारच्या वेढ्याला चिकटलेला असतो. प्रत्येक जोड हलका वाकवून बघा, सुटायचा असेल तर आत्ता तुमच्या हातात सुटू दे, गेटमध्ये सुटला तर मागची फिल्म साचते, समोरची थांबते आणि दिव्याच्या उष्णतेने थांबलेली फ्रेम बघता बघता जळते. नवीन जोड टेप स्प्लायसरने (टेपने फिल्म जोडायच्या छोट्या यंत्राने) करा, भोकं टेपने बुजली नाहीत ना बघा. साधी ऑफिसची चिकटपट्टी नको, तिचा गोंद वाहतो आणि मग आपणच नवीन दुखणं जोडून ठेवतो.

सिमेंटच वापरायचं असेल तर आधी फिल्म पॉलिएस्टर तर नाही ना बघा, त्यावर सिमेंट धरत नाही. गुंडाळलेलं रीळ बाजूने उजेडासमोर धरा, कडेतून उजेड आरपार झिरपला तर पॉलिएस्टर, काळपट राहिलं तर अ‍ॅसिटेट. सिंगल ८ पॉलिएस्टरवरच यायची. पॉलिएस्टर सहज तुटत नाही हे ऐकायला छान वाटतं, पण अडकली तर फिल्मच्या ऐवजी मशीनचा भाग तुटतो, हेही लक्षात ठेवा.

सुरुवातीला चार-पाच फूट नवीन लीडर, म्हणजे चित्र नसलेली कोरी फिल्म, जोडा. ऑटो-लोड मशीनमध्ये फिल्म शिरत नाही ही तक्रार बऱ्याचदा तेवढ्यानेच जाते, कारण टोक चुरगळलेलं असतं. बहुतेक मशीनला टोक कापायचा छोटा कटर बसवलेला असतो, तो वापरा. आणि रीळ सैल वाटलं म्हणून टोक ओढून घट्ट करू नका, आतले वेढे एकमेकांवर घासून पूर्ण रिळावर बारीक ओरखडे पडतात.

आकसलंय का ते मोजा

नवीन लीडर हाताशी आहेच तर हे करून घ्या. तुमची फिल्म आणि त्याच जातीचा नवीन लीडर शेजारी शेजारी ठेवा, पहिलं भोक जुळवा आणि १०० भोकं मोजा. शंभराव्या भोकाला दोन्ही अजून जुळत असतील तर मस्त. अर्ध्या भोकाएवढी (म्हणजे दोन भोकांमधल्या अंतराच्या निम्मी) मागे पडली तर अर्धा टक्का आकसलीये, चालेल पण नजर ठेवून. पाऊण भोकाच्या पुढे गेली तर मी प्रोजेक्टरवर लावत नाही, आणि पूर्ण एका भोकाचा फरक म्हणजे एक टक्का, तिथे विषय संपला. नखी ठरलेल्या अंतरावर जाते पण भोक तिथे नसतं, मग थरथर, कडकड आणि शेवटी फाटाफाट. मशीन बदलून उपयोग नाही, कुठलंही मशीन हेच करेल.

गेट साफ करणं

उभी सलग रेघ पूर्ण रीळभर दिसतेय तर काहीतरी एकाच जागी घासतंय. बहुतेक वेळा गेटमध्ये वाळून दगड झालेला इमल्शनचा कण असतो. लेन्स बाजूला करा, गेट उघडा, मऊ ब्रश मारा, मग इअरबडवर थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसा. कडक कण लाकडी टूथपिकने काढा. ब्लेड, सुई, स्क्रूड्रायव्हर नाही, कारण गेटवर पडलेला एक ओरखडा पुढच्या प्रत्येक रिळावर रेघ मारत राहतो. फिल्म ज्या ज्या रोलरवरून जाते ते सगळे बोटाने फिरवून बघा, जो फिरत नाही तो घासतोय.

जुनी रेघ आणि नवी रेघ कशी ओळखायची? टाकाऊ रिळाचा एक भाग भिंगाखाली बघा, चालवा, परत बघा. काळ्या रेघा असतील तर ओरखडा बहुतेक बेसच्या बाजूने आहे, रंगीत फिल्मवर रंगीत रेघ दिसली तर इमल्शन गेलंय. कडेला केस हलताना दिसतो आणि शॉट बदलल्यावर गायब होतो, तर तो शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याच्या गेटमध्ये होता. तो आता फिल्मचाच भाग आहे, कितीही पुसा.

सगळं लालसर-गुलाबी दिसतंय तर तिथेही पुसून काही होणार नाही, रंग उडालेत, स्कॅन करून कॉम्प्युटरवर थोडेफार परत आणता येतात. कोडाक्रोमची रिळं अंधारात ठेवलेली असतील तर रंग आश्चर्य वाटेल इतके टिकतात.

लूप

चित्र उभं फासलंय आणि कडकड येतेय, भोकं ठीक आहेत, फिल्म आकसलेली नाही, तर लूप गेलाय. स्प्रॉकेटवर फिल्म एकसारखी पुढे जात असते पण गेटमध्ये ती थांबत थांबत, एकेक फ्रेम जाते. या दोन चालींमधला फरक गेटच्या वर आणि खाली सोडलेली सैल फिल्म सांभाळते. ती सैल जागा संपली की नखी आणि स्प्रॉकेट एकमेकांविरुद्ध ओढतात. बऱ्याच मशीनला लूप परत करायची छोटी कळ असते, चालू असताना दाबा. पुन्हा पुन्हा जात असेल तर थांबवा, हाताने थ्रेड करा (फिल्म ओवा), मशीनवर छापलेल्या आकृतीत लूपचा आकार दाखवलेला असतो तेवढा ठेवा. तरी जात असेल तर परत जोड आणि भोकं तपासा, नाहीतर गेटची प्रेशर प्लेट नीट दाबत नाहीये किंवा नखी झिजलीये.

बेल्ट

मोटर फिरते, बाकी काही नाही. मागचं झाकण काढा, आणि काढण्याआधी वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. जुने रबर बेल्ट ताणून सैल होतात, किंवा वितळून डांबरासारखे पुलीला चिकटून बसलेले असतात. हातमोजे घाला, ती घाण कपड्यावरून जात नाही. आयसोप्रोपाइलने पुली पूर्ण साफ करा, जुना बेल्ट मोजता येण्यासारखा असेल तर घेर आणि जाडी मोजा, गोल आहे की चौकोनी तेही बघा, आणि मॉडेल नंबर देऊन नवीन घ्या. केसांचे रबर बँड लावून काम भागवणारे असतात, एकदा रीळ गुंडाळायला ठीक, पण त्याने स्पीड डगमगतो. काही जुन्या मशीनला स्प्रिंगचा बेल्ट असतो, तो ताणला असेल तर थोडा कापून परत जोडता येतो.

उघडलंच आहे तर वाळलेलं ग्रीस दिसेल. गंज सोडवणारा स्प्रे मारू नका, तो सगळीकडे उडतो, जुनं ग्रीस पातळ करून वाहवतो आणि शेवटी फिल्मवर येतो. हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब, फक्त जिथे मॅन्युअलमध्ये सांगितलंय तिथे.

बल्ब आणि आवाज, थोडक्यात

बल्ब गेला असेल तर तोच कोड, तेच व्होल्ट, तेच वॅट. जास्त वॅटचा लावून उजेड वाढवायला जाऊ नका, फिल्म भाजते. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही, तेलकट ठशाच्या जागी काच जास्त तापून बल्ब लवकर जातो.

आवाज दबका येत असेल तर साउंड हेड (फिल्मवरच्या पट्टीवरून आवाज वाचणारा भाग) इअरबडने साफ करा, चुंबकीय पट्टीची तपकिरी भुकटी जमलेली असते. फिल्मवरची पट्टीच सुटायला लागली असेल तर मात्र चालवू नका, आणि कुठलंही क्लीनर फिल्मला लावू नका, पट्टी उखडते. सुपर ८ मध्ये आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो, त्यामुळे गेटखालचा लूप कमीजास्त झाला की ओठ आणि शब्द जुळत नाहीत. आधी लूप बघा.

इथे हात काढून घ्या

जळका वास, धूर, बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या: वायर काढा आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. मेनला जोडलेले जुने कपॅसिटर फुटतात, आणि बंद मशीनमध्येही काही कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. पांढऱ्या भागांतून वर-खाली उजेडाचे ओघळ दिसत असतील तर शटरचं टायमिंग गेलंय, तेही घरी जुळवायच्या भानगडीत पडू नका. झिजलेली नखी, तेच.

फिल्मच्या बाजूने: एक टक्का आकसलेली, चिकटलेली, आऱ्यांसारखी वाकलेली, बुरशी लागलेली, किंवा भोकं सलग फाटलेली. यातलं काहीही असेल तर प्रोजेक्टर विसरा, स्कॅनिंग लॅब शोधा. लॅबला विचारा की त्यांचं मशीन स्प्रॉकेटशिवाय, म्हणजे भोकांवर न ओढता रोलरवर फिल्म नेतं का, फ्रेम-बाय-फ्रेम स्कॅन करतात का, आणि मूळ रीळ परत देतात का. भिंतीवर चालवून कॅमेऱ्याने शूट करून देतो असं उत्तर आलं तर दुसरी लॅब बघा. पाठवताना रिळावर चिकटपट्टी लावू नका, प्रत्येक डब्यावर नंबर टाका, कुठल्या जातीचं आहे आणि वास येतो का तेही लिहा, आणि आंबट वासाची वेगळ्या खोक्यात पाठवा.